बातमीत एक आकडा राहून जातो

संपादक महोदय, नमस्कार.

मोबाईलवर पत्ते खेळून किंवा ट्रेडिंग करून पोरगं कर्जात बुडालं अशा बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात आणि मी त्या शेवटपर्यंत वाचतो. एकूण किती गेले, कुणाकडून उसने घेतले, घरी कधी कळलं, सगळं असतं. पण त्याच्याकडे मुळात होते किती आणि एका वेळी त्यातले लावले किती, हे कधीच नसतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे.

मी २०१८ पासून ऑनलाइन पोकर खेळायचो. २२ ऑगस्ट २०२५ ला नवीन कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सगळेच त्यात आले, ॲप्सनी टेबलं बंद केली आणि मी पण थांबलो. कुणी खेळावं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्या सात वर्षांत पैसा सांभाळायचं जे गणित कळलं ते मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

पोकरमध्ये बँकरोल म्हणतात तो घरखर्चातून वेगळा काढून ठेवलेला पैसा, त्यात किराणा नाही, हप्ता नाही, पोरांची फी नाही. मी ८ हजारांवर चालू केलं. १-२ च्या टेबलवर बसायचो, ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी लावावीच लागणारी रक्कम, छोटा ब्लाइंड १ रुपया आणि मोठा २, आणि बसताना १०० मोठे ब्लाइंड घेऊन बसायची पद्धत असते म्हणजे २०० रुपये, याला एक बाय-इन म्हणतात, म्हणजे माझ्याकडे ४० बाय-इन होते. मुरलेले खेळाडू कमीत कमी २० ते ३० बाय-इन पाहिजेत म्हणतात, टूर्नामेंट खेळायच्या तर १०० च्या पुढे, कारण तिथे बहुतेक वेळा काहीच मिळत नाही आणि कधीतरी एकदाच मोठं बक्षीस लागतं. मी सगळं वहीत लिहायचो, तारीख, टेबल, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. अडीच-तीन वर्षांत ८ चे २६ हजार झाले, फार हळू झाले, पण झाले.

मग २०२१ मधली एक रात्र. सगळे झोपलेले, मी किचनमध्ये ओट्याशी उभा राहून खेळत होतो कारण चार्जरची वायर तिथेच पुरायची. त्या दिवशी मनात आलं की एवढं जमतंय तर २५-५० ला बसू, म्हणजे ५ हजारांचा एक बाय-इन. अर्ध्या तासात मला एक्क्यांची जोडी आली, समोरच्याने सगळे पैसे पुढे सरकवले, मी पण सरकवले, त्याच्याकडे बादशाची जोडी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलवर उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांत, तिसरा बादशा पडला आणि ५ हजार गेले. आता एक्के विरुद्ध बादशा असा डाव साधारण पाचातून चार वेळा एक्केवाला जिंकतो, एकदा हरतो, त्यात काही अघटित नाही. १-२ च्या टेबलवर असं झालं असतं तर २०० रुपये गेले असते आणि मी पाणी पिऊन झोपलो असतो. इथे पाचवा हिस्सा एका झटक्यात गेला, डोकं फिरलं, परत ५ घातले, परत ५, असं करत करत पहाटे तीनला खात्यात ११०० रुपये उरले होते. तो एक्क्यांचा डाव मी बरोबरच खेळलो होतो, चूक त्याआधीच झाली होती, ते टेबल उघडलं तेव्हा.

क्रिस फर्ग्युसन म्हणून अमेरिकन खेळाडू आहे, २००० सालचा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेचा मुख्य विजेता. त्याने २००६ मध्ये शून्यापासून म्हणजे फुकटच्या टूर्नामेंटपासून सुरुवात करून साधारण १६ महिन्यांत १० हजार डॉलर करून दाखवले. त्याचा नियम साधा होता, टेबलवर बसायचं तर जवळच्या एकूण पैशाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त न्यायचे नाहीत, मोठ्या टूर्नामेंटला २ टक्के. (ज्या साईटशी तो जोडलेला होता ती २०११ ला खेळाडूंचे पैसे परत देऊ शकली नाही, ते प्रकरण गंभीरच होतं, पण नियम चुकीचा ठरत नाही.) या नियमात सगळ्यात अवघड काय तर पैसा कमी झाला की छोट्या टेबलवर खाली उतरणं, माणसाला ते अपमानासारखं वाटतं.

सगळं एकाच डावावर लावायचं नाही, हेच आमच्या घरी अण्णा द्राक्षात करत आले. पिंपळगावला आमची चार एकर बाग आहे, ऑक्टोबर छाटणी ते कधीच एकदम घेत नाहीत, प्लॉट पाडून बारा-पंधरा दिवसांच्या फरकाने घेतात. छाटणीनंतर महिना-सव्वा महिन्याने फुलोरा येतो आणि त्यात पाऊस सापडला की डावणी, घडकुज असले रोग येतात, सगळं हातचं जातं. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जो अवकाळी झाला त्यात आमचा पहिला प्लॉट गेला, उरलेल्या दोनांवर वर्ष निघालं. सगळी बाग एकदम धरली असती तर मजूर, फवारणी, व्यापारी सगळं सोपं पडलं असतं, चांगल्या वर्षी चार पैसे जास्तही मिळाले असते. अण्णांनी पोकरचं नावही ऐकलेलं नाही.

आता पत्ते बंद झाले तशी आमच्या भागातली पोरं शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये घुसलीत, म्हणजे भाव वर जाणार की खाली यावर पैसे लावायचे सौदे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांचं नुकसान झालं, मिळून १.८ लाख कोटींच्या वर, आणि तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोक तरीही करतच राहिले. आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराने मला त्याचं खातं दाखवलं, ६० हजारांतले ४५ हजार एका वीकली एक्स्पायरीच्या म्हणजे आठवड्याच्या मुदतीच्या सौद्यात. मी विचारलं एवढे का, तर म्हणे काका यावेळी शंभर टक्के खात्री होती.

त्याला मी कागदावर मांडून दाखवलं. समज तुझं बरोबर यायचं प्रमाण १०० त ६० आहे, जिंकलास तर दुप्पट, हरलास तर लावलेले गेले. दरवेळी सगळे लावलेस तर पाच वेळांनंतर तुझ्यासारख्या १०० पोरांपैकी ८ जणांकडे पैसे उरतील, बाकी ९२ शून्यावर, आणि हे जिंकण्याचा खेळ असून. बेल लॅब्समधल्या केली नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ ला याचं सूत्र काढलं, त्यानुसार अशा ठिकाणी लावायचे २० टक्के, आणि सावध लोक त्याच्याही निम्मे लावतात. आणि प्रमाण ५०-५० असेल तर त्याच सूत्राचं उत्तर शून्य येतं, म्हणजे लावायचेच नाहीत. हे मुद्दाम सांगतोय कारण थोडेथोडे लावले की हरणारा खेळ जिंकता येतो असा समज करून घेऊ नये, तिथे फक्त पैसे जायला जास्त दिवस लागतात. अर्धे गेले तर परत तिथे यायला ५० टक्के नाही तर १०० टक्के कमवावे लागतात, हे ऐकून तो पोरगा बराच वेळ गप्प बसला. कॉमर्सचं शेवटचं वर्ष आहे त्याचं.

कॉलेज रोडच्या कॉलेजांमध्ये हे गणित एक तास जरी शिकवलं तरी पुष्कळ होईल, पण ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराला विचारायला सांगा, त्याच्याकडे होते किती आणि एका वेळी लावले किती, आणि ते छापा.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक