डिस्चार्ज कार्डावर रक्तवाहिन्यांचाही हिशेब हवा

महोदय,

साथीच्या तापांवरील आपल्या पुरवणीतील लेखात रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या ऑक्सिजनची पातळी, छातीचा एक्स-रे आणि विषाणूरोधक औषधे यांची सविस्तर चर्चा होती. रक्तवाहिन्यांबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. ही उणीव त्या एका लेखापुरती नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

रक्तवाहिन्यांना आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. नळीला आतून दिलेला मुलामा, एवढेच त्याचे काम नव्हे. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते (या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले), वाहते रक्त गोठू देत नाही आणि त्यातला द्रव बेताबाहेर झिरपू देत नाही. विषाणूसंसर्गात उसळणाऱ्या दाहाने ही तिन्ही कामे बिघडू शकतात. कोविडने दगावलेल्या ७ रुग्णांच्या फुप्फुसांची इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या ७ जणांच्या फुप्फुसांशी तुलना करणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कोविडच्या रुग्णांत केशवाहिन्यांमधील सूक्ष्म गुठळ्या नऊपट आढळल्या. रुग्ण मोजकेच होते, हे खरे. पण श्वास अपुरा पडण्यामागे आत आलेला प्राणवायू उचलून नेणारे रक्तच जागोजाग अडणे हेही एक कारण असू शकते, हे त्यातून दिसले.

डेंग्यूत तऱ्हा निराळी. तिथे मुख्य धोका गळतीचा. ताप उतरला की नातेवाईक हुश्श करतात आणि नेमक्या त्याच सुमाराच्या २४ ते ४८ तासांत वाहिन्यांमधून द्रव पाझरून काही रुग्णांचा रक्तदाब कोसळतो. सगळ्यांचे डोळे मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले! रक्त दाट होत चालल्याचे सांगणारा हिमॅटोक्रिट त्याच अहवालात छापलेला असतो. त्याच्याबद्दल विचारणारा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे.

मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा धूम्रपान यांनी हे अस्तर आधीच झिजलेले असेल, तर संसर्गाचा घाव सोसण्याची त्याची ताकद कमी असते. एकाच वॉर्डातले, एकाच विषाणूचे दोन रुग्ण दोन टोकांना का जातात, याच्या कारणांत वयाबरोबरच हेही मोलाचे आहे.

माझे थोरले बंधू इन्फ्लुएन्झाने तीन दिवस रुग्णालयात होते. सोडताना बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन ९७ दाखवला आणि आम्ही निश्चिंत झालो. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाल्याने ते बचावले. तापात रक्तदाब उतरला म्हणून थांबवलेली त्यांची नेहमीची गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, याची डिस्चार्ज कार्डावर नोंद नव्हती. झटका त्यामुळेच आला, असे मी म्हणणार नाही. मात्र इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट असतो, असे कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसले आहे, आणि ‘फ्लूच तर आहे’ म्हणणाऱ्या आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

हे वाचून कोणी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. कोविडवरील औषधांच्या चाचण्यांत हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनच्या पूर्ण मात्रेचा लाभ दाखल झालेल्या मध्यम आजारी रुग्णांना झाला, अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांना झाला नाही. रक्तस्रावाची भीती वेगळीच. रक्तातल्या गुठळ्या विरघळताना तयार होणारा डी-डायमर हा घटक नुसता वाढलेला पाहून हबकण्यातही अर्थ नाही, कारण तो वयानुसार आणि इतर अनेक कारणांनीही वाढतो.

माझी मागणी साधी आणि बिनखर्चाची आहे. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या मधुमेहाची व रक्तदाबाची स्थिती, दाखल असताना थांबवलेली औषधे, त्यांतले कोणते केव्हा पुन्हा घ्यायचे आणि पुढची तपासणी कधी, हे कार्डावर स्पष्ट अक्षरांत लिहावे. छातीत दुखणे, एकाच पायाला सूज येणे, अचानक दम लागणे किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाले, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे, ही सूचना त्याखाली असावी. पुढच्या आरोग्य पुरवणीत आपणही ती एका चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक