अडखळणाऱ्याला थांबू द्यायला शिकवलंत

आदरणीय यूजीन जेंडलिन यांस,
स. न. वि. वि.

२०१७ साली तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरीही दुसऱ्याचं दुःख ऐकायला बसणाऱ्या आमच्यासारख्यांवर तुमचं, एका अमेरिकन तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाचं, जे ऋण आहे, ते चारचौघांत सांगावंसं वाटतं.

१९५० च्या दशकात शिकागो विद्यापीठात तुम्ही मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या गटात आलात. समुपदेशनाच्या ध्वनिमुद्रित भेटी तुम्ही आणि तुमचे सहकारी ऐकत होता. कुणाला गुण येणार, याचा अंदाज बोलणाऱ्याच्या बोलण्याच्या पद्धतीवरूनच, आणि तोही सुरुवातीच्या भेटींतच बांधता येतो, हे तुम्हाला दिसलं. ज्यांना गुण येतो, ती माणसं मध्येच अडखळतात. "कसं सांगू... नाही, तसं नाही..." म्हणत आत काहीतरी चाचपडतात. एरवी असं अडखळणं दिसलं की ऐकणारा घाईघाईने मदतीला धावतो, वाक्य पुरं करून देतो, आणि नेमकं तिथेच उगवू पाहणारं खुडलं जातं. आता शांतता अर्धा मिनिट लांबली तरी आम्ही ती भरत नाही.

या चाचपडण्याला तुम्ही शरीरात जागा दाखवलीत. छातीवरचं दडपण, घशातला आवंढा, पोटातला गोळा. अजून शब्द न सापडलेली ही जाणीव अख्ख्या प्रश्नाची असते, नुसती एका भावनेची नव्हे. तिच्यापर्यंत जायच्या तुमच्या 'फोकसिंग' या पद्धतीच्या सहा पायऱ्या आजही तशाच वापरता येतात: मनातले प्रश्न एकेक करून जरा बाजूला ठेवत जागा करायची, त्यांतला एक घेऊन तो सगळा मिळून शरीरात कसा वाटतो ते पाहायचं, त्याला एखादा शब्द किंवा चित्र येऊ द्यायचं, तो शब्द जाणिवेशी ताडून पाहायचा, "यात एवढं जड काय आहे?" असं त्या जाणिवेलाच विचारायचं; आणि जे येईल ते न झिडकारता घ्यायचं.

सगळी मेख चौथ्या पायरीत आहे. कुणी म्हणतं, "मला राग आला होता." ऐकणाऱ्याने फक्त "राग आला होता" एवढंच परत द्यायचं, आणि थांबायचं. समोरचा क्षणभर आत वळतो. "राग नव्हे... मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं, असं काहीतरी." आणि एक लांब श्वास सुटतो, खांदे खाली येतात. शब्द जुळल्याची खूण तीच. पहिला शब्द चुकला म्हणून काही बिघडलं नाही. तो परत ऐकू आला म्हणूनच खरा शब्द सापडला.

ऐकणाऱ्याच्या अंतःप्रेरणेलाही तुम्ही तिची जागा दाखवलीत, आणि आमच्या मते हे तुमचं सर्वांत मोठं देणं. ऐकता ऐकता आपल्याही पोटात काही हलतं. ते समोरच्याचं असेल, किंवा आपल्याच जुन्या जखमेचं. आतून ते वेगळं ओळखू येत नाही, म्हणून विचारून घ्यावं लागतं: "मला यात थोडी भीतीही जाणवते. तुम्हाला तसं काही वाटतं का?" उत्तर "नाही" आलं तर आपला अंदाज तिथेच सोडायचा आणि त्यांच्या शेवटच्या शब्दावर परत जायचं. अंदाज बरोबर असल्याचं पटवत बसलं की समोरचा आत पाहणं सोडतो आणि आपल्याला सांभाळायला लागतो. "असं का वाटतं तुम्हाला?" यानेही तेच होतं. माणूस जाणीव सोडून कारणं शोधू लागतो.

जवळ जायचं, पण बुडायचं नाही, हेही तुमचंच. रडं आवरेना, श्वास भराभर होऊ लागला, तर खोलात नेणं थांबवायचं. डोळे उघडायला, पाय जमिनीवर टेकवायला सांगायचं, आणि तो प्रश्न मनाने खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवायला सांगायचं. जगणं नको झालंय अशी शंका आली तर मात्र आडवळण नको. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल तर त्यांना एकटं न सोडता लगेच मानसोपचारतज्ज्ञांची मदत मिळवायची. तिथे नुसतं ऐकणं पुरत नाही.

पुस्तकी ज्ञान गाठीशी नसलेल्या दोन मित्रांनाही आलटून पालटून एकमेकांचं ऐकता यावं, म्हणून तुम्ही हे सगळं साध्या भाषेत उघड करून ठेवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले कृतज्ञ,
ऐकण्याचं काम करणारे आम्ही काही जण