कर्ज किती, हे तुम्ही विचारलं नाहीत

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

बारावीला तुमच्या अर्थशास्त्राच्या तासाला खिडकीजवळ बसते, त्या मुलीची मी आई. पालकसभेत दोनदा तुमच्यासमोर आले आणि "बरी आहे ना हो अभ्यासात?" एवढंच विचारून परतले. म्हणून हे पत्र.

अकरावीत बचत गटाचं कर्ज काढून तिला क्लास लावला होता. तिथे वर्षभर "लिहून घ्या, लिहून घ्या". पोरगी 'घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत' घडाघडा म्हणायची आणि मी खूश. चाचणीत २५ पैकी ६! विचारायला गेले तर म्हणाले, तिचा पायाच कच्चा आहे. अहो, मग पैसे कशाचे घेतलेत?

बारावीचं वर्ष म्हणून मी टीव्हीचा रिचार्ज बंद केला होता. आणि ही सांगत आली, सरांनी 'कौन बनेगा करोडपती' बघायला सांगितलंय. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी तुम्हाला मनातल्या मनात बरंच बोलले.

पुढचं तिच्याकडूनच कळलं. तुम्ही फळ्यावर २००० सालच्या पहिल्या पर्वातले आकडे मांडलेत, आपल्या हर्षवर्धन नवाथेने एक कोटी जिंकले त्या पर्वातले. हातात २५ लाख, पुढचा प्रश्न ५० लाखांचा. फिफ्टी-फिफ्टी वापरून दोन पर्याय उरलेत, पण उत्तर ठाऊक नाही. चुकलं की थेट ३ लाख २० हजारांवर. दोन्ही शक्यतांची सरासरी येते २६ लाख ६० हजार, हातातल्या २५ लाखांपेक्षा जास्त, म्हणजे हिशेबाने खेळायला हवं. अख्खा वर्ग "खेळायचं" म्हणाला. एरवी तोंड न उघडणारी माझी मुलगी म्हणाली, "मी सोडीन. आईचं कर्ज फिटेल."

पोरं हसली. तुम्ही खडू खाली ठेवलात, तिच्या बाकापाशी गेलात आणि विचारलंत, "फिटल्यावर उरलेल्यात काय करशील?" ती सांगत गेली: घरावर नवे पत्रे, माझ्या शिलाई मशीनला मोटर, तिचं पुढचं शिक्षण. "आणि आणखी २५ लाख मिळाले तर?" तिला काही सुचेना. तुम्ही म्हणालात, "हाच तो सिद्धांत. पहिल्या २५ लाखांनी घर उभं राहतं, पुढच्या २५ लाखांचं मोल तेवढं नसतं. हिने पाठ न करता सांगितला."

कर्ज किती, ते मात्र तुम्ही विचारलं नाहीत. सर, गरिबाची अडचण ऐकली की लोकांना आधी आकडा हवा असतो. वीस पोरांसमोर तो न विचारणं हे कुठल्या बी.एड.ला शिकवतात, मला माहीत नाही.

सहामाहीत तिला ८० पैकी ५८ पडले. टीव्हीचा रिचार्ज मी परत मारलाय. परवा एक बाई उत्तर येत नसताना खेळायला निघाली, तर मी शिवण बाजूला टाकून ओरडले, "सोड गं बाई, सोड!" मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "आई, तिच्यावर कर्ज नसेल."

आपली नम्र,
एका विद्यार्थिनीची आई