सर, त्या वर्षी मला गावात ठेवून घेतलंत त्याबद्दल

नमस्कार सर,
हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते आपल्या भागाबाहेरच्या लोकांनाही कळू दे.

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं आपलं गाव ऊसतोडीपायी निम्मं रिकामं व्हायचं. मी सहावीत होते, आई आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मुकादमाकडून (तोडीची माणसं जमवणारा ठेकेदार) उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, गाडी कोल्हापूरकडं निघणार आणि मीपण निघणार हे ठरलेलंच. आदल्या वर्षी गेलेच होते ना. मोठी माणसं ऊस तोडणार, मी मागं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून पेंढ्या बांधायच्या, बारक्याला, माझ्या धाकट्या भावाला, सांभाळायचं, पाणी आणायचं, पहाटे आई फडात (उसाच्या रानात) गेली की कोपीवर, आमच्या झोपडीत, भाकरीपण मीच करायची. उसाच्या पात्यानं हाताला मानेला बारीक चिरा पडतात, त्यात घाम गेला की अशी आग होते की बस. आणि मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, माझं नाव कुठंच नाही, मग हिला बालमजूर म्हणणार तरी कोण?

14 वर्षांखालच्या लेकराला कामाला लावता येत नाही हा कायदा तुम्हाला माहीत होताच, पण तुम्ही घरी येऊन दादांना तो ऐकवत बसला नाहीत. पहिलं विचारलंत, पोरगी नेली नाही तर अडतंय कुठं? आई म्हणाली, बारक्याला कोण बघणार. खरी अडचण तीच होती सर, फी नाही की पुस्तकं नाहीत, आणि ती आमच्या घरी येऊन कुणी विचारलीच नव्हती. मग तुम्ही आजीला तयार केलंत, अंगणवाडीताईंशी बोललात, बारक्या पण मागं राहिला आणि माझं नाव हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आई-बाप तोडीला गेलेल्या लेकरांच्या गावातल्या सोयीच्या, यादीत आलं, दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडं. अनुदान लांबलं की किराणा तुम्ही स्वतःच्या नावावर उधार आणायचात हे मला खूप नंतर कळलं.

दादांना आणखी एक धास्ती होती, वयात येणारी पोरगी मागं ठेवायची कशी. याच धास्तीनं आमच्याकडं कित्येक पोरींची लग्नं लहानपणीच उरकतात, मग नवी जोडी म्हणजे नवा कोयता, की परत फडात. तुम्ही तुमच्या फोनवरून माझं दादांशी बोलणं करून द्यायचात, आधी ते फक्त नीट रहा म्हणायचे, पुढं पुढं स्वतःच विचारायला लागले की गणिताचा पेपर कसा गेला.

आता मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारक्या सहावीत गेलाय, त्यानं फड बघितलाय तो फक्त अंगावर पिता असताना. आई-दादा अजून जातात, आईचे गुडघे गेलेत तरी जातात, ते मला अजून थांबवता आलेलं नाही.

तुमचे खूप खूप आभार सर, मनापासून.

आणि एक काम होतं. शेजारच्या तांड्यावरच्या काही पोरी यंदा गाडीत बसणार असं आजी सांगत होती. तुमची बदली झालीय माहितीय, तरी दिवाळीआधी एक दिवस काढून याल का? त्यांच्या आयांशी बोलू, मी सोबत असेन.