कॉफीचं आमंत्रण

हाँगकाँग,
१२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे खरंच कुणी पैसे खात नाही, की तुम्हाला दिसत नाही एवढंच?" तेवढ्यात आईने कुकरचं काहीतरी काढलं आणि उत्तर राहूनच गेलं. तसंही ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी माझी फजिती ऐका. इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमच्या बांधकामाच्या साइटवर सरकारी खात्याचे एक वयस्कर निरीक्षक आले होते. पाहणी संपली, ऊन मी म्हणत होतं, म्हणून मी सहज म्हटलं, "चला, कॉफी घेऊ." बाजूचे तिघे-चौघे फिसकन हसले. ते गृहस्थही हसले, पण जरा मागे सरकूनच. नंतर कळलं की इथे 'कॉफी प्यायला बोलावलं' याचा अर्थ आयसीएसीने चौकशीला बोलावलं. आयसीएसी म्हणजे इथला भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग. आपल्याकडे चहापाणी म्हणजे लाच, इथे कॉफी म्हणजे लाचेची चौकशी. आणि गंमत अशी, की इथेही पूर्वी लाचेला 'चहाचे पैसे'च म्हणायचे!

ते पूर्वीचं हाँगकाँग तुम्हाला अगदी ओळखीचं वाटेल. साठ-सत्तरच्या दशकात रुग्णवाहिकेची माणसं चहाचे पैसे मिळाल्याशिवाय आजाऱ्याला उचलत नसत. सरकारी दवाखान्यात बेडपॅन हवं असलं किंवा नुसतं पाणी हवं असलं तरी आयाच्या हातावर काहीतरी टेकवावं लागे. आग विझवायला आलेले लोकही आधी पैशांचं बोलत आणि मग पाण्याचा नळ सोडत, असं इथले म्हातारे अजून सांगतात. पोलिसांत तर वरपासून खालपर्यंत हप्त्यांची वाटणी बांधलेली होती. आणि लाचेचा तपास कुणाकडे? पोलिसांच्याच एका शाखेकडे.

१९७३ मध्ये पीटर गॉडबर नावाचा बडा इंग्रज पोलीस अधिकारी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्याकडे ४३ लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त माया सापडली. उभ्या नोकरीत हातात पडलेल्या पगाराच्या जवळजवळ सहापट. खुलासा करायला त्याला आठवड्याची मुदत दिली. मुदत संपायच्या आत, ८ जूनला, हा पठ्ठ्या आपला पोलिसी पास दाखवून विमानतळावरच्या तपासणीला वळसा घालून विमानात बसला आणि सिंगापूरमार्गे इंग्लंडला पोचला. मग लोक खवळले. 'गॉडबरला पकडा' म्हणत व्हिक्टोरिया पार्कात सभा झाल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये आयसीएसी उभी राहिली, तीही पोलीस खात्याच्या पूर्ण बाहेर. तिचा आयुक्त थेट तेव्हाच्या इंग्रज गव्हर्नरला उत्तरदायी, आता तो इथल्या सरकारप्रमुखाला, म्हणजे मुख्य कार्यकारींना असतो.

गॉडबरला परत आणणं सोपं नव्हतं. पगारात न बसणारी मालमत्ता बाळगणं (तुमच्या भाषेत अपसंपदा) हा हाँगकाँगमध्ये गुन्हा, पण इंग्लंडमध्ये नव्हता. म्हणजे त्या कलमावर इंग्लंड त्याला सोपवणारच नाही. शेवटी तुरुंगात असलेल्या एका दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याची साक्ष मिळाली, की बढतीची जागा मिळवून देण्यासाठी गॉडबरने २५,००० डॉलर घेतले होते. लाच तिकडेही गुन्हाच. १९७५ च्या जानेवारीत त्याला परत आणलं आणि चार वर्षांची शिक्षा झाली. ४३ लाखांचा माणूस २५ हजारांवर अडकला. तुमचे ते कागद जपून ठेवणारे हेडक्लार्क खूश झाले असते.

पण पोलीस गप्प बसले नाहीत. ऑक्टोबर १९७७ मध्ये चिडलेले पोलीस आयसीएसीच्या मुख्य कचेरीत घुसले, तिथल्या माणसांना मारहाण केली. आठवडाभरात गव्हर्नरला माघार घ्यावी लागली: १ जानेवारी १९७७ च्या आधीची बहुतेक प्रकरणं उकरायची नाहीत. म्हणजे कितीतरी जण सुटले. इथले लोक ते अभिमानाने सांगत नाहीत, पण लपवतही नाहीत. मला वाटतं, त्या माघारीमुळेच पुढचं काम टिकलं. तुम्हाला पटणार नाही, माहीत आहे.

आता तपास कसा चालतो ते. आपल्याकडचा सापळा तुम्हाला ठाऊकच आहे: पावडर लावलेल्या नोटा, पंच, दाराआड थांबलेलं पथक. इथेही सापळे लावतात, पण बरंचसं काम कागदावर चालतं. तक्रार आली की ४८ तासांत तक्रारदाराशी संपर्क करायचा. मग बँकेची खाती, नातेवाइकांच्या नावावरचे फ्लॅट, निविदांच्या फायली. एखाद्या सरकारी नोकराचं राहणीमान पगाराशी जुळत नसेल, तर पैसा कुठून आला हे त्यानेच कोर्टाला पटवायचं. चौकशीला बोलावलेल्या माणसाचा जबाब चित्रित होतो. आणि चौकशी उघडपणे पुढे सरकेपर्यंत ती कुणाची चालली आहे हे बाहेर फोडणं हा स्वतंत्र गुन्हा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तपासाजोगी तक्रार साहेबांच्या मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. बाहेरच्या नागरिकांची समिती असते, तिच्यापुढे ठेवावी लागते. खटला भरायचा की नाही हे पुन्हा आयसीएसी ठरवत नाही, न्याय खातं ठरवतं.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण सांगते. सन २००० च्या सुमाराला शा टिन भागात सरकारी गृहयोजनेच्या तिसाहून जास्त मजल्यांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या आणि असमान खचू लागल्या. उकरून पाहिलं तर पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेले खांब, खडकापर्यंत पोचल्याच नव्हत्या, कित्येक मीटर आखूड. कागदावर मात्र सगळ्या सह्यांनिशी पूर्ण खोलीच्या. दोन्ही इमारती माणसं राहायला येण्याआधीच पाडल्या. आमच्या ऑफिसात नव्या पोराला पाइलची नोंद करायला शिकवताना आजही हीच गोष्ट सांगतात. आयसीएसीची एक शाखा फक्त एवढंच करते, खात्याखात्यांत जाऊन पद्धतीत भोक कुठे आहे ते दाखवते. आमच्याकडेही येऊन दोन तास बोलून गेले, फुकट.

म्हणजे सगळे देवमाणूस आहेत असं नाही हं. इथल्या सरकारातला एकेकाळचा दोन नंबरचा माणूस, राफेल हुइ, २०१४ मध्ये साडेसात वर्षांसाठी आत गेला. आणि खुद्द आयसीएसीचा एक माजी आयुक्त! पाहुण्यांच्या मेजवान्या आणि भेटवस्तूंवर त्याच्या काळात मर्यादेबाहेर खर्च झाला, हे २०१३ मध्ये ऑडिटवाल्यांनीच काढलं. अगदी तुमच्या ऑडिट पॅऱ्यासारखं, ताटागणिक हिशेब. पुढे त्याच्यावर खटला भरला नाही, पण अब्रू गेलीच.

हे सगळं वाचताना मला तुमची एम.बी., ती कामाच्या मोजमापांची सरकारी वही, आठवत होती. मी चौथीत होते. रस्त्याच्या बिलात खडीचा थर १५ सेंटीमीटर, तुम्ही खणून मोजलात तर ९. तुम्ही नोंद करायला नकार दिलात आणि वर पत्र लिहिलंत. ते पत्र फिरून फिरून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' त्याच साहेबांच्या टेबलावर आलं ज्यांच्याविरुद्ध तुम्ही लिहिलं होतं. दोन महिन्यांत बदली. माझी ती शाळा सोडावी लागली म्हणून मी तुमच्यावरच रुसले होते. १९७३ पर्यंत इथल्या माणसाचं पत्रही असंच पोलिसांकडून पोलिसांकडेच जात असणार.

दिवाळीचा डबा पोचला, चकली एकही मोडली नाही, आईला सांगा. त्यातले चार लाडू मी त्या निरीक्षकांसाठी नेले होते. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, वास घेतला, "फार छान" म्हणाले आणि दोन्ही हातांनी परत दिला. मग साइटवरच्या सगळ्या पोरांनी त्यांच्यासमोर उभं राहून खाल्ले. त्यांची मला दया आली.

तुम्ही त्या वेळच्या मोजमापांची नक्कल एका निळ्या वहीत उतरवून ठेवली होती. ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे का? असेल तर आईला रद्दीत घालू देऊ नका. फेब्रुवारीत येईन तेव्हा मला ती बघायची आहे.

तुमची,
सुमी