गहू बंद करण्याआधी रक्त तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

सविनय नमस्कार. माझी नात सहा वर्षांची झाल्यापासून शाळेतली साप्ताहिक गुलाबी लोहगोळी नेमाने घेत होती, तरी तिचे हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. पोट फुगलेले आणि उंची वर्गात सर्वांत कमी. तीन वर्षे जंताची औषधे आणि टॉनिके यांतच गेली. मग एका डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितले आणि तिला बरे वाटू लागले. पण सिलिअ‍ॅक रोगाची रक्ततपासणी रुग्ण गहू खात असतानाच भरवशाची असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. निदान पक्के व्हावे म्हणून तिला पुन्हा काही आठवडे पोळी खायला लावावी लागली. पोट धरून बसलेल्या मुलीच्या ताटात पोळी वाढणे काय असते, ते तिच्या आजीला विचारावे.

या रोगात गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या मखमलीसारख्या अस्तरावरच उलटते. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि नेमका तोच भाग सर्वाधिक झिजतो; मग गोळ्या कितीही दिल्या तरी अंगी लागणार कशा? गव्हावर वाढलेल्या आपल्या माळव्यात हा प्रश्न डॉक्टरांना सर्वांत आधी पडायला हवा.

म्हणून विनंती अशी, की लोहगोळ्यांचा पूर्ण क्रम घेऊनही ज्या मुलांचे रक्त वाढत नाही, त्यांची टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी (सिलिअ‍ॅक रोगाची हीच ती रक्ततपासणी) जिल्हा रुग्णालयात विनामूल्य व्हावी, तीत दोष आढळल्यास वैद्यकीय महाविद्यालयात दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासण्याची सोय असावी, आणि तोवर कोणीही गहू बंद करायला सांगू नये, अशी लेखी सूचना सर्व दवाखान्यांना जावी.

या रोगावर औषध नाही, जन्मभराचे पथ्य तेवढे आहे. इंदुरी पोहे चालतात, जिलबी चालत नाही, एवढे मूलही शिकते. पण फोडणीच्या हिंगातही बहुधा मैदा असतो आणि गव्हाच्या चक्कीवर दळलेली ज्वारीही बाधते, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. गरीब घरात तर पथ्य रेशनपाशीच अडते, तेव्हा निदान झालेल्या रुग्णाला त्याच्या वाट्याच्या गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक आजोबा
रामबाग, इंदूर