दंत दवाखान्यांतल्या हायजिनिस्टचा विचार व्हावा

महोदय,

कोरोनाच्या साथीचा विषय निघाला की डॉक्टर आणि परिचारिका आठवतात, आणि ते योग्यच आहे. दातांच्या दवाखान्यातल्या हायजिनिस्टबद्दल, म्हणजे दात साफ करून देणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांबद्दल, मात्र कोणी बोलताना दिसत नाही. मी पुण्यात हेच काम करते, म्हणून हे पत्र.

दातांवरचे कीटण काढायचे अल्ट्रासोनिक यंत्र चालताना पाण्याचा फवारा सोडते आणि त्यातून रुग्णाच्या लाळेचे बारीक तुषार उडतात. त्यामुळे साथीत सर्वांत आधी थांबले ते आमचे काम. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या दंतोपचारांसाठीच्या सूचना आल्या तेव्हा पुणे रेड झोनमध्ये होते. म्हणजे फक्त तातडीचे उपचार. ठणकणारी दाढ तातडीची ठरते, स्केलिंग म्हणजे कीटण काढणे ठरत नाही. डॉक्टरांकडे निदान थोडे पेशंट येत होते, आमच्या हाताला कामच नव्हते. अनेकींचा पगार निम्मा झाला, काहींना ‘बोलावू तेव्हा या’ असे सांगितले गेले. डॉक्टरांना तरी किती दोष द्यायचा? जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते आणि वर पीपीई किटचा नवा खर्च त्यांच्याही डोक्यावर होताच.

अमेरिकेत एप्रिल २०२० या एका महिन्यात दंत दवाखान्यांतल्या पाच लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. तिथल्या सरकारी आकडेवारीत ते लगेच दिसले आणि बेकारभत्त्याची सोयही होती. आपल्याकडे वीसपेक्षा कमी माणसांच्या दवाखान्याला भविष्य निर्वाह निधीची सक्ती नाही. राज्य कामगार विम्यातला बेरोजगारी भत्ता त्या वर्षी सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के झाला, पण चार-पाच जणांच्या दवाखान्यापर्यंत तो विमा पोहोचतच नाही. नेमणुकीचे पत्रच नसेल तर नोकरी गेली हे सिद्ध तरी कसे करायचे?

खरे तर आमची नावे सरकारदरबारी आहेत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून हायजिनिस्टची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे होते. पुढच्या साथीची वाट न पाहता राज्य सरकारने याच नोंदवहीच्या आधारे आमच्यासाठी गटविमा आणि काम बंद असतानाच्या मदतीची योजना आखावी, आणि दवाखाना कितीही लहान असला तरी नेमणुकीचे पत्र सक्तीचे करावे. पदविका नसलेल्या, दवाखान्यातच काम शिकलेल्या मदतनीस मुलींची तर कुठेच नोंद नाही. त्यांनाही या योजनेत घ्यावे.

— एक डेंटल हायजिनिस्ट, कोथरूड, पुणे